टेकडीवरची मोजणी

४ फेब्रुवारी

भिंगरे,

हे पत्र लिहायला मला तुझ्या गल्लीच्या यादीने भाग पाडलं. नदीकाठच्या घरांची पूर्वतयारीची यादी काल माझ्या टेबलावर आली. 'ज्यांना उचलून न्यावं लागेल' या रकान्यात आईचं नाव नाही. ते सापडलं 'मदत करणारे' या रकान्यात, आणि पुढे तुझी सही. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, उंबरा ओलांडून वर्षं झालेली, आणि ही बाई पुरात लोकांना मदत करणार! थट्टा करायची तर घरात कर. माझ्या आराखड्यात नको.

फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान वाक्य पुरं करता येतं.

माझं काम काय आहे तेही एकदा नीट सांगते, कारण 'आमची ताई पूर येण्याची वाट बघते आणि त्याचा पगार घेते' असं तू गिऱ्हाइकांना सांगतेस, हे माझ्या कानावर आलेलं आहे. पूर आल्यावर आमची मदतसंस्था धावते, ते सगळ्यांना दिसतं. तो यायच्या आधी जे करून ठेवावं लागतं ते माझ्या विभागाकडे असतं आणि ते कोणाला दिसत नाही. भोंगा कोणी वाजवायचा, कोणत्या गल्लीने कोणत्या वाटेने चढायचं, ब्लँकेटं कुठे ठेवायची, वर पोचल्यावर माणसं कोणी मोजायची. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

महिनाअखेरच्या रविवारी तुमच्याकडे रंगीत तालीम आहे. भोंगा वाजेल, सगळी गल्ली टेकडीवरच्या शाळेत जाईल, तिथे मोजणी होईल, चहा होईल आणि मंडळी घरी जातील. जूनमध्ये मी निवृत्त होते. हा माझा शेवटचा आराखडा आहे आणि तो नेमका आपल्या गावाचा निघाला. त्यात चूक राहिलेली मला चालणार नाही.

आईचं नाव योग्य रकान्यात घालून यादी परत पाठव. दोन धडधाकट माणसं आणि हातांची एक खुर्ची तिच्यासाठी राखून ठेवली आहे.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र शिवणयंत्रावर पसरून वाचलं. दोनदा वाचलं. तुझ्या पत्राला इस्त्री केलेली असते, हे मी विसरले होते.

तुझी माणसं येऊन सगळ्या घरांच्या भिंतींवर निळी रेघ मारून गेली. पाणी इथवर चढेल म्हणे. माझ्या दुकानात ती बरोबर खांद्याच्या उंचीला आली. म्हणजे मी मशीनवर बसले की पाण्याखाली, आणि कापड बेतायला उभी राहिले की मान बाहेर. दिवसभर माझं असं बुडणं-तरंगणं चालू असतं. कात्री, दोऱ्यांची रिळं, अर्धवट शिवलेल्या बाह्या सगळं तळाशी पडलेलं असतं. दुपारी उन्हाची तिरीप आत आली की भिंतीचा खालचा भाग खरंच हलल्यासारखा वाटतो.

तू हसशील. हस. पण ही रेघ आल्यापासून गल्लीच बदलली. पाववाल्याची बायको भट्टीजवळच्या खोलगट खोलीत उतरताना श्वास रोखून धरते. आधी गंमत म्हणून धरायची, आता सवयच लागलीय. समोरच्या घड्याळजींनी सगळी घड्याळं रेघेच्या वर टांगली. खाली एकच ठेवलंय, बंद पडलेलं. म्हणतात, "त्याला काय, ते बुडालेलंच आहे." संध्याकाळी नदीवरून धुकं गल्लीत शिरतं ते नेमकं रेघेपर्यंत येऊन थांबतं. ते वर चढेल का, हे बघत आम्ही सगळे दारात उभे असतो. छान वाटतं गं, खरं सांगते. घाबरायला हवं, पण छान वाटतं.

आता आईचं. तिच्या पलंगासमोर रेघ मारली तेव्हा ती बराच वेळ बघत होती. मग त्या माणसाला म्हणाली, "थोडी खाली मारलीत." बाबा ज्या पुरात गेले त्या पुराचं पाणी तिच्या डोळ्यात अजून तिथेच आहे. तू तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होतीस. मी तिच्यासोबत टेकडीवर होते. ती दवाखान्याची सिस्टरबाई, कमरेला शिट्टी, आणि मी तिचा पदर धरून मागे मागे.

तुझ्या माणसाने यादी भरताना विचारलं, "आजींना उचलून न्यावं लागेल ना?"

आई म्हणाली, "कोणाला उचलायचंय? सांगा. मी एका बाजूने धरते."

मग मी कोणत्या रकान्यात लिहू? तूच सांग. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना सोपं असतं.

भिंगरी

१६ फेब्रुवारी

भिंगरे,

यादी मीच दुरुस्त केली. आईचं नाव खुर्चीच्या रकान्यात घातलं आहे. पाववाला आणि घड्याळजी खुर्ची उचलतील. घड्याळजींचं वय यादीत बरं दिसतं.

पुढचं नीट वाच आणि गल्लीत वाचून दाखव. भोंग्यावरच्या प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला आणि शेवटी 'ही तालीम आहे' असं सांगितलं जाईल. वर पोचल्यावर मोजणी घरागणिक होईल. मोजणी जुळल्याशिवाय कोणीही टेकडी उतरणार नाही. हा नियम मी घातला आहे आणि तो कोणासाठीही वाकणार नाही. पुरात माणसं पाण्याने जेवढी जातात, त्याहून जास्त 'एवढं घेऊन येतो' म्हणून परत खाली उतरल्याने जातात.

धुक्याचं वर्णन चांगलं आहे. रेघेचा रंग उन्हाने उडतोय का ते कळव.

ताई

१ मार्च

ताई,

तालीम झाली आणि तुझ्या आराखड्याला कुठे तडा गेला नाही. आधी हे वाच आणि मग खुर्चीला टेकून बस.

सकाळी धुकं होतं. भोंगा वाजला तो जणू पाण्यातून आल्यासारखा आला. 'ही तालीम आहे', 'ही तालीम आहे', असं कोणीतरी झोपेत बडबडल्यासारखं. आम्ही सगळे दारं ओढून बाहेर पडलो. कोणी धावलं नाही. पायाखाली पाणी आहे असं समजून माणसं पाय उचलून उचलून टाकत होती. तसं कोणी सांगितलं नव्हतं! पाववाल्याने पिठाचं एक पोतं डोक्यावर घेतलं होतं, रिकामं. "भरलेलं खऱ्या वेळी घेईन," म्हणाला.

खुर्ची दारात आली. आई पलंगावर बसून होती, केस विंचरून, चप्पल घालून. चप्पल कुठून काढली कोण जाणे. तिने खुर्चीकडे बघितलं, मग घड्याळजींकडे बघितलं. ते तुझ्या यादीत धडधाकट आहेत, पण गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे की त्यांना दमा आहे. आई म्हणाली, "या माणसाच्या छातीत शिट्टी वाजतेय. याला बसवा खुर्चीत."

"अहो सिस्टरबाई, खुर्ची तुमच्यासाठी आहे," पाववाला म्हणाला.

"माझ्यासाठी असेल तर मी कोणालाही देईन. बसा हो तुम्ही!"

आणि बसले ते! आईच्या त्या आवाजाला नाही म्हणता येत नाही. पाववाल्याने आणि मी खुर्ची उचलली, आणि आई खुर्चीची पाठ धरून आमच्या मागून चालत टेकडी चढली. उंबरा तिने कसा ओलांडला ते मला दिसलंच नाही. माझं तोंड पुढे होतं. मला फक्त खुर्चीला मागून लागलेला तिच्या हाताचा भार कळत होता. दर वळणावर ती म्हणायची, "थांबा. श्वास घ्या." आम्हाला वाटायचं घड्याळजींना सांगतेय. नंतर कळलं, स्वतःलाच सांगत होती.

वर पोचून मागे वळून बघितलं तर गाव नव्हतंच. नुसतं पांढरं. त्यातून भट्टीचं धुराडं आणि शाळेखालच्या पिंपळाचा शेंडा एवढंच वर आलेलं. एक म्हातारा चक्क रडला. त्याला विचारलं काय झालं, तर म्हणाला, "काही नाही, घर चांगलं होतं माझं."

शाळेच्या हॉलमध्ये तुझ्या माणसाच्या गळ्यात शिट्टी होती. आईने हात पुढे केला. त्याने दिली. मोजणी तिनेच केली.

आई ठीक आहे. वरची हवा मोकळी आहे, भूकही लागते तिला. गुडघ्यांबद्दल बोलत नाही. काळजी करू नकोस.

भिंगरी

७ मार्च

भिंगरे,

घड्याळजींच्या दम्याची नोंद यादीत का नव्हती याची विचारणा मी केली आहे. बाकी अहवाल समाधानकारक आहे. आई चालली, हे वाचून मी चष्मा पुसला. काचेवर डाग होता.

तू लिहिलंस की वरच्या हवेने तिला भूक लागते. म्हणजे तू तिला रोज टेकडीवर फिरायला नेतेस असं मी धरते. हे चांगलं आहे, पण बेताने ने. आणि शाळेतली ब्लँकेटं मोजून कपाटात गेली का ते कळव. एक कमी आहे असं गोदामवाला म्हणतो.

ताई

ता. क. पाकीट चिकटवण्याआधीच शाळेच्या हेडबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "तुमच्या तालमीतल्या एक आजी अजून आमच्या हॉलमध्ये आहेत, परीक्षा तोंडावर आल्या आहेत, तुमची तालीम संपते तरी कधी?" मी म्हटलं, चुकीचा नंबर लागला असेल. त्या म्हणाल्या, आजी दवाखान्यातल्या सिस्टरबाई आहेत म्हणे.

भिंगरे, आई त्या रविवारपासून घरी गेलेलीच नाही का?

१२ मार्च

ताई,

नाही गेली.

लपवलं, कारण रोज वाटत होतं, उद्या उतरेल. मी दुकान आटोपून झोपायला तिच्याजवळ जाते. शाळेतली मावशी दिवसा बघते. पाववाला रोज गरम पाव पोचवतो. कमी असलेलं ब्लँकेट आईच्या पायावर आहे. गोदामवाल्याला सांग, जीव नको जाळूस.

चहा झाल्यावर तुझ्या माणसाने शिट्टी परत मागितली आणि म्हणाला, "चला, संपलं." आई म्हणाली, "मोजणी जुळली?" तो म्हणाला, "हो आजी, सगळे आले." आई म्हणाली, "एक यायचाय." तो हसला. मी हसले नाही.

तिने खिडकीशी पलंग टाकून घेतलाय. तिथून नदी दिसते. सकाळी धुकं असतं, दुपारी नुसती चकाकी, संध्याकाळी पुन्हा धुकं. तिच्यासाठी पाणी चढलेलंच आहे. "ओसरेल," म्हणते, अगदी समजुतीच्या सुरात, जशी दवाखान्यात ताप उतरेल म्हणून सांगायची तशी. मी म्हटलं, "आई, बाबा नाही यायचे." ती म्हणाली, "नदीतली मोटरलाँच सोडवायला गेलेत. लाँचवरचा मिस्त्रीच नसेल तर ती कोण सोडवणार?" मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "झोप तू. लहान आहेस."

ताई, मी पन्नाशीची बाई त्या हाताखाली खरंच झोपले. हॉल मोठा आहे, वाऱ्याने काचा हलतात, आणि डोळे मिटले की मला ती जुनी माणसं भोवती बसलेली ऐकू येतात. ओल्या कपड्यांचा वास येतो. आईची शिट्टी वाजते. बाबा दारात उभे असतात, तिच्याशी काहीतरी बोलतात आणि वळतात. ते काय बोलले ते मला कधीच आठवत नाही. कधी वाटतं, आम्ही तेव्हापासून खाली उतरलोच नव्हतो, आणि दुकान, गिऱ्हाइकं, मापं, हे सगळं मला इथेच पडल्या पडल्या दिसत होतं.

तुला एक मागते. नाही म्हणू नकोस. तुझ्या संस्थेच्या कागदावर, शिक्का मारून, दोन ओळी लिही. 'लाँचवरचे मिस्त्री पलीकडच्या काठाला सुखरूप आहेत, पाणी ओसरल्यावर येतील.' ती तुझं ऐकेल. शिक्क्याला ती मानते. कागद बघितला की ती उतरेल, आणि उतरल्यावर चार दिवसांत विसरेल. कोणाचं काय जातं?

भिंगरी

१६ मार्च

भिंगरे,

शिक्का खोट्यासाठी वापरला जाणार नाही. ज्या दिवशी लोकांना कळेल की या शिक्क्याखाली गोड खोटं लिहून मिळतं, त्या दिवशी आमच्या भोंग्यावर कोणी घर सोडणार नाही. हे तुला कठोर वाटेल. वाटू दे.

दुसरं असं, की आई चार दिवसांत विसरेल हे तू कशावरून म्हणतेस? इतक्या वर्षांत विसरली का?

मला ती मोजणी कशी करते ते लिही. कोणाला आधी मोजते, कोणाला नंतर, मध्ये काय बोलते. बाकीची वर्णनं या वेळी नकोत.

ताई

२० मार्च

ताई,

वर्णनं नकोत तर नकोत. आई तिथे बसलीय आणि तू मला प्रश्नपत्रिका पाठवतेस. जन्मभर कागदी घोडे नाचवलेस, आता आईच्या पलंगाभोवतीही नाचव.

रोज संध्याकाळी मोजते. हॉलमध्ये आम्ही दोघीच असतो, तरी गल्लीतली घरं एकेक घेते. नदीकडून सुरुवात. ज्या घरातलं कोणी राहिलं नाही, ते घरही घेते. नावं घेत नाही, धंद्यावरून बोलते. पाववाल्याचे सगळे आले. कासाराकडचे आले. शेवटी आपलं घर. "मोठी वसतिगृहात, सुरक्षित. धाकटी इथे. मी इथे." मग थांबते. माझ्याकडे बघत नाही. खिडकीकडेही बघत नाही. दाराकडे बघते. मग म्हणते, "जुळत नाही," आणि शिट्टी उशाशी ठेवते.

दर वेळी तू मोजली जातेस, एवढं लक्षात असू दे. सुरक्षित म्हणून.

हेडबाई वाईट नाहीत. पण परीक्षा सोमवारी सुरू होतात, आणि त्यांनी रुग्णवाहिका बोलावलीय. आडवं करून, पट्टे बांधून नेणार. मी त्यांना म्हटलं, तिला आडवं करून खाली नेलंत तर ती परत कधी उभी राहणार नाही. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या बहिणीला सांगा ना, तालीम त्यांची आहे."

तर सांगितलं. ये, नाहीतर येऊ नकोस.

भिंगरी

२ एप्रिल

ताई,

तू गेल्यावर घर फार शांत झालंय. मी चहाच्या कपाखाली बशी ठेवली नाही म्हणून तू मला बोललीस, तेवढा एक आवाज घरात राहिलाय.

आता सांग. परीक्षेच्या आदल्या रविवारी तू सरळ स्टेशनवरून टेकडीवर आलीस, हातात पिशवी, खांद्यावर ती कातडी बॅग, आणि मला काय म्हणालीस, तर "तू बाहेर थांब." मी थांबले. व्हरांड्यात रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर होता, दुसऱ्या दिवशी गाडी कुठून चढवायची ते बघायला आला होता. त्याने मला शेंगदाणे दिले. आम्ही दोघांनी दाराला कान लावला, पण तुमचे आवाज इतके खाली होते की जणू दुसऱ्या कोणाच्या स्वप्नात चाललेलं बोलणं.

मग दार उघडलं आणि आई बाहेर आली. तुझा हात धरून नाही, कठडा धरून. ड्रायव्हरला म्हणाली, "तुम्ही कोणासाठी आलात? इथे कोणी आजारी नाही." आणि उतरायला लागली. तू मागून चष्मा पुसत होतीस. डाग असेल.

त्या दिवसापासून ती संध्याकाळी मोजत नाही. शांत झोपते. काल उंबऱ्यात बसून तिने घड्याळजींना दीर्घ श्वासाचा व्यायाम शिकवला. बाबांचं नाव काढते, पण ते गेलेल्या माणसाचं काढावं तसं.

तू काय सांगितलंस तिला? शेवटी शिक्का मारलासच ना? मारला असशील तर मी कोणाला सांगणार नाही. अळीमिळी गुपचिळी.

भिंगरी

९ एप्रिल

भिंगरे,

शिक्का मारला. खोटं लिहिलं नाही. दोन्ही कसं ते सांगते.

तुझं वीस तारखेचं पत्र मी कचेरीत वाचलं. आराखडा समोर होता. मोजणीचा तक्ता काढला आणि बघितला. घर, माणसं किती, वर आलेली किती. एवढंच. आकडा जुळला की खूण करायची. जुळला नाही तर काय करायचं, याला जागाच नाही. हा तक्ता मी केला, माझ्या वरच्यांनी तपासला, चार गावांत वापरला. आम्ही सगळे शिकलेले लोक, आणि सगळ्यांनी मनात धरलं की सगळे येतील. जो येणार नाही त्याला आमच्या तक्त्यात रकाना नव्हता. आई त्या तक्त्याबाहेर बसली होती, आणि माझा नियम तिला सांगत होता की जुळल्याशिवाय उतरू नकोस. तो नियम पाळणारी माझ्या सगळ्या कामात ती एकटीच निघाली.

मी हॉलमध्ये गेले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. काचांमधून नदीची चकाकी छताला लागून हलत होती. हॉलच बुडाल्यासारखा वाटत होता. तुला सांगते, क्षणभर माझाही पाय मी उचलून टाकला.

आई म्हणाली, "आलीस? वसतिगृहातून कोणी सोडलं?"

मी म्हटलं, "मी अधिकारी म्हणून आले आहे. मोजणी घ्यायला."

ती सरळ बसली. दवाखान्यात मोठे डॉक्टर आले की बसायची तशी. मी बॅगेतून कोरा कागद काढला. तिने घरं सांगितली, मी लिहिली. नदीकडून. तू लिहिलं होतंस तसंच. आपल्या घरापाशी ती थांबली आणि दाराकडे बघायला लागली.

मी विचारलं, "आले नाहीत असे किती?"

भिंगरे, हा प्रश्न तिला त्या पुरापासून कोणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी तिची समजूत काढली. कोणी म्हणालं येतील, कोणी म्हणालं आता वाट बघू नका. विचारलं कोणीच नाही. तू विचारलं नाहीस, मी विचारलं नाही.

ती म्हणाली, "एक."

मी लिहिलं. ती म्हणाली, "वाच." मी बाबांचं नाव वाचलं. म्हणाली, "नुसतं नाव नको. लाँचवरचे मिस्त्री, असं लिही." लिहिलं. "लाँच सोडवायला गेले, असं लिही." लिहिलं. छतावरची चकाकी सरकत सरकत भिंतीवर आली.

मग म्हणाली, "शिट्टी माझ्याकडे होती. दारात येऊन त्यांनी मला विचारलं. जाऊ का, म्हणाले. मी म्हटलं, जा आणि लगेच या. हे पण लिही."

तू झोपेत जे ऐकतेस आणि तुला आठवत नाही, ते हे असेल.

मी लिहिलं. 'मोजणीप्रमुखांच्या परवानगीने गेले.' वाचून दाखवलं. तिने मान हलवली. मग मी, तिचा गोंधळ वाढू नये म्हणून, हळू आवाजात म्हटलं, "आई, त्या रविवारची ती तालीम होती. खरं पाणी नव्हतं."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी परत शाळकरी झाले.

"ऐकलं मी. भोंगा किती वेळा ओरडत होता. बहिरी आहे का मी?"

"मग इथे का बसलीस?"

"येणार नाहीत हे मला कळतं गं. पण त्या वेळी पाणी ओसरलं आणि सगळे आपापल्या घराकडे धावले. मोजणी अर्धी सोडून. मी शिट्टी वाजवत होते, कोणी थांबलं नाही. मला पण धाकटीला घेऊन उतरावं लागलं. या वेळी माणसं आली, हॉल मिळाला, म्हटलं, आता तरी कोणीतरी पुरी करून घ्या."

तर आपण दोघीही चुकलो. तुला वाटलं ती भूतकाळात हरवली आहे. मला वाटलं तिला समजूत हवी आहे की सत्य, एवढाच प्रश्न आहे. ती फक्त तिचं काम पूर्ण करायला थांबली होती आणि ते घ्यायला कोणी वरचा येत नव्हता.

मी कागदाखाली सही केली आणि शिक्का मारला. ती म्हणाली, "म्हणजे जुळली?"

मी म्हटलं, "आलेले आणि न आलेले मिळून जुळली. आता उतरता येईल."

"मग चार्ज घे," ती म्हणाली. तिला हे शब्द अजून पाठ आहेत. एकेक वस्तू पलंगावर मांडली. शेवटची उशीखालून काढली आणि तिच्यावरून एकदा तळहात फिरवला. माझ्या हातात देताना तिने ती लगेच सोडली नाही. मग सोडली.

तक्त्यात नवा रकाना घातला आहे. वरच्यांनी विचारलं, कशासाठी. मी म्हटलं, लागतो. जूनपर्यंत सगळ्या गावांना जाईल.

त्या संध्याकाळची नोंद तुझ्यासाठी उतरवून पाठवते. मूळ प्रत माझ्याजवळ आहे, कचेरीत नाही.

ताई

ताब्यात दिले, टेकडीवरची शाळा, हॉल:

हॉल, झाडलेला. खिडक्या बंद केल्या.
पलंग एक, शाळेचा. जागेवर ठेवला.
ब्लँकेट एक. गोदामाला परत.
शिट्टी एक. वाजते.
मोजणीचा कागद एक. वर आलेले सर्व. न आलेला एक, नोंद घेतली.
सदरा एक, पायजमा एक, पुरुषाचे. आलेल्याला ओल्या अंगावर बदलायला म्हणून आणलेले. कोरडे. घडी मोडलेली नाही.

देणार: सिस्टरबाई.
घेणार: मोठी मुलगी. सर्व मिळाले.